पाच टक्क्यांची सुरमई

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. लग्न झालंय का विचारलं नाही, गावी कोण असतं विचारलं नाही, मासळीचा वास चालतो का हेही विचारलं नाही. अलिबागेत तोवर मी बरीच घरं पाहिली होती आणि हे प्रश्न मला पाठ झाले होते. हे गृहस्थ मात्र ओटीवरच्या खुर्चीत सरसावून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, महिन्याला पेट्रोल किती लागतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "माझ्याकडे गाडीच नाही."

"अरेरे," ते म्हणाले, आणि कुणी गेल्याची बातमी कळावी तसा त्यांचा चेहरा झाला. "मग किराणा तरी? एकट्याच असाल, म्हणजे फार नसणार. औषधं? चष्मा आहे, बरं. गावी जाण्यायेण्याचं बुकिंग स्वतः करता की कुणी करून देतं?"

मी साताऱ्याकडची. कोर्टात लघुलेखक म्हणून बदली होऊन आले होते, आणि आमच्याकडे पहिल्या भेटीत बाईमाणसाला असले प्रश्न कुणी विचारत नाही. मला वाटलं, माणूस एकतर भामटा आहे नाहीतर वेडा. तेवढ्यात आतून घरमालकीण काकू आल्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घाबरू नको गो पोरी. त्यांना तुझे पैसे नको आहेत. तुझा खर्च हवा आहे."

याचा अर्थ पुढच्या अर्ध्या तासात मला समजावून देण्यात आला. काकांकडे चार क्रेडिट कार्डं होती. माझा किराणा, औषधं, मोबाईल, वीजबिल, एसटीचं तिकीट, सगळं त्यांच्या कार्डावर घ्यायचं आणि तेवढेच पैसे मी त्याच दिवशी त्यांच्या खात्यात पाठवायचे. मला एक पैसा जास्त पडणार नव्हता. त्यांना दर खरेदीमागे कॅशबॅक मिळणार होता. बदल्यात भाडं थोडं कमी. मी हो म्हटलं, कारण भाडं खरंच कमी होतं आणि वरच्या खोलीच्या खिडकीतून झावळ्यांमधून समुद्राची एक चिंधी दिसत होती. आपण कशाला हो म्हणतोय ते मला कळलं नव्हतं.

ते पहिल्याच महिन्यात कळलं. औषधाच्या दुकानातून मी एक पाकीट आणलं, प्रत्येक बाईला दर महिन्याला लागतं ते. कार्ड त्यांचं नेलं होतं, म्हणून पावती त्यांना द्यावी लागली. संध्याकाळी ओटीवर काकू आणि शेजारच्या दोघी बसलेल्या असताना त्यांनी ती पावती डोळ्यांजवळ धरली आणि चारचौघांत म्हणाले, "मॅडम, हे मेडिकलमधून कशाला घेता? तिथं दीड टक्का. हेच किराण्याच्या दुकानात मिळतं, तिथं पाच. बारमाही लागणारी वस्तू आहे, विचार करा."

मी गारच पडले. शेजारणींनी पदर तोंडाला लावले. काकांनी वर मान करून बघितलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी ती साबण-साखरेसारखी एक वस्तू होती आणि ती चुकीच्या दुकानातून आली होती. खोलीत जाऊन मी ठरवलं, उद्याच दुसरी जागा बघायची. पण जागा बघितली नाही. उलट पुढच्या महिन्यात मी ते पाकीट किराण्याच्या दुकानातून आणलं, आणि त्याचा मला स्वतःचाच जास्त धक्का बसला.

चारही कार्डांना त्यांनी इलेक्ट्रिशियनची रंगीत चिकटपट्टी लावली होती. लाल किराण्याचं, निळं पेट्रोलचं, पिवळं बिलांचं. चौथ्याला पट्टी नव्हती. ते "उरल्यासुरल्याचं", कशावरही दीड टक्का देणारं. चारही काकूंच्या जुन्या चष्म्याच्या डबीत असत आणि ती डबी देवघरात, घंटेशेजारी. सार्वजनिक बांधकाम खात्यात हिशेबनीस म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती. तिथं सरकारच्या पैशाला जी शिस्त लावली ती आता ते घरच्या मिठाला लावत होते. लाल कार्डावर महिन्याला किती कॅशबॅक मिळेल याला मर्यादा होती. ती भरली की ते कार्ड डबीत जाई, आणि मग घरातलं तूप संपो की तांदूळ, नवं बिलाचं चक्र सुरू झाल्याशिवाय नवा डबा यायचा नाही. मी काकूंना कोरडी पोळी खाताना पाहिलंय. विचारलं तर म्हणाल्या, "तूप तारखेला येणार आहे."

एक मात्र खरं, माणूस पक्का होता. बिल आलं की पूर्ण भरणार, मुदतीच्या आधी भरणार. कार्डावरून रोख पैसे कधीही काढणार नाही, कारण तिथं पहिल्या दिवसापासून व्याज सुरू. वार्षिक फी माफ होईल एवढा खर्च वर्षात होतो की नाही ते आधी बघणार आणि होत नसेल तर कार्ड परत करणार. "कॅशबॅकसाठी वस्तू घ्यायची नाही, घ्यायचीच असलेली वस्तू कॅशबॅकवर घ्यायची," हे तर ते दिवसातून एकदा तरी म्हणत. आमच्या कोर्टातल्या एका शिपायानं कार्डाच्या बिलातली फक्त किमान रक्कम भरत ठेवली आणि व्याजात बुडाला, तेव्हा त्याला यातून बाहेर काढलं ते काकांनीच. पण त्याच्या घरचा चहा काही घेतला नाही. "मिनिमम भरणाऱ्याकडे मी पाणी पीत नाही," असं त्याच्या बायकोसमोर म्हणाले. तिचा हात कपबशीसकट तसाच राहिला.

स्वतःचा खर्च पुरेना म्हणून ते लोकांचा खर्च शोधत हिंडत. सुट्टीच्या दिवशी मांडव्याच्या जेटीवर जात आणि मुंबईला गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीच्या रांगेतल्या गाड्यांच्या काचेवर टकटक करत. "तिकीट काढलंय का? नसेल तर मी काढतो, तुम्ही मला फोनवरून पाठवा." एकदा मुंबईच्या एका बाईनं पोलिसाला बोलावलं. काका घाबरले वगैरे अजिबात नाहीत. त्यांनी हवालदाराला बाजूला घेऊन सगळी पद्धत समजावली आणि परत येताना त्याच्या मोटारसायकलीत पेट्रोल भरून दिलं, निळ्या कार्डावर. हवालदारानं पैसे दिले आणि वर नमस्कार केला. मी तिथं होते, म्हणून सांगते.

आमच्या आळीत एक म्हातारे वारले तेव्हाचं तर मला अजून खरं वाटत नाही. अंगणात माणसं जमलेली, आत बायकांचा आवाज, थोरला मुलगा खांबाला टेकून उभा. काका त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, चार शब्द बोलतील. ते हळूच म्हणाले, "तेराव्याचं सामान एकदम नका घेऊ. सोळा तारखेला माझं नवं चक्र सुरू होतं, निम्मं त्यात घेऊ." आणि थोडं थांबून खऱ्या दुःखानं म्हणाले, "लाकडं मात्र रोखीनंच घ्यावी लागतात, बघ." मी कपाळाला हात लावला. त्या मुलाचं काय झालं कुणास ठाऊक, इतका वेळ कोरडा उभा होता, तो तिथंच हुंदके द्यायला लागला आणि काकांच्या गळ्यात पडला.

इथवर मी त्यांच्यावर चिडत होते, हसत होते, कोर्टात जाऊन त्यांच्या नकला करत होते. बाय यायची बंद झाली तेव्हा माझं हसू संपलं.

बाय म्हणजे आमच्याकडे येणारी कोळीण. तिचं खरं नाव आळीत कुणी घेत नसे. सकाळी कोर्टाची तयारी करताना मी वरून बघायची, ती अंगणात यायची, काकू तिची पाटी उतरवून घ्यायच्या आणि दोघी पायरीवर बसायच्या. मासळीचा व्यवहार दोन मिनिटांचा. बाकीचा अर्धा तास चहा आणि बोलणं. कुणाच्या बोटीला काय लागलं, कुणाची सून माहेरी गेली, गुडघे कसे आहेत. काकू एरवी घरात फार बोलत नसत. नवरा टक्क्यांत बोलणारा, मुलगी नोकरीला पनवेलला. त्यांचं दिवसभराचं बोलणं त्या पायरीवर होऊन जाई. व्यवहार झाला की बाय पाटीत हात घालून मूठभर बारीक मासळी, मांदेली नाहीतर करंदी, काकूंच्या ताटात वर टाकायची. त्याचे पैसे नाहीत. तिची आई काकूंच्या सासूच्या ताटात टाकायची, तशी ही टाकायची. मला सुरुवातीला त्या वासानं मळमळायचं, मी खिडकी लावून घ्यायची. पुढं पुढं उघडी ठेवायला लागले.

काकांच्या डोक्यात आलं की घरातला एवढा मोठा खर्च, रोजची मासळी, कार्डाबाहेर चाललाय. बायच्या पाटीच्या झाकणावर फोनवरून पैसे देण्याचं चौकोनी चित्र चिकटवलेलं होतं, पण ते तिच्या मुलाच्या खात्याचं. त्यावर बँकेतून पैसे जात, क्रेडिट कार्डातून जात नसत. काकांनी तिला दुकानदाराचं खातं उघडायला सांगितलं, मशीन घ्यायला सांगितलं. ती हसली. "सायब, मी पाटी घेऊ का ती मशीन घेऊ डोक्यावर?"

"तुझ्याकडून घेतलं की मला काहीच सुटत नाही, बाय."

"काय सुटत न्हाय? मी वर टाकते ती मांदेली मग काय हाय? तुजी आई होती तवापासून पडतंय या घरात."

काका अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्याला टक्का नाही."

बायनं पाटी स्वतःच उचलली, कुणाचा हात लागू न देता.

त्या रविवारी काका हायवेवरच्या मोठ्या दुकानातून परत आले आणि पिशवीतून प्लास्टिकची पाकिटं काढून ओट्यावर मांडली. सुरमई. बर्फात गोठवलेली, तुकडे करून, वर छापील चित्र. लाल पट्टीचं कार्ड, पाच टक्के. मी घाटावरची, मला मासळीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मलासुद्धा ते बघवेना. हाकेच्या अंतरावर समुद्र, पलीकडे कोळीवाडा, आणि या माणसानं घरात पाकिटातला मासा आणला होता. काकूंनी एक पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला डोळे कुठं आहेत? ताजी की शिळी, बघू कशात?"

"मागं तारीख छापलेली आहे," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाय आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काकू मात्र त्या वेळेला पायरीवर येऊन बसत. रिकामं ताट मांडीवर घेऊन बसत आणि कोर्टाची वेळ झाली की मी खाली उतरताना मला वाट द्यायला सरकत. मी एकदा काकांना तोंडावर म्हटलं, "काका, पाच टक्क्यांसाठी तुम्ही काकूंची मैत्रीण घालवली." ते गोंधळले. खरंच गोंधळले. "मैत्रीण म्हणून येऊ दे की," म्हणाले, "मी कुठं नाही म्हणतो? फक्त मासळी घ्यायची नाही." मला त्यांचा इतका राग आला की मी त्या महिन्याचा सगळा किराणा रोखीनं आणला.

त्याच सुमारास मुलीचं लग्न ठरलं. मुलगा माणगावकडचा, भातशेतीवाल्या घरातला, नव्या मुंबईत कंपनीत. बोलणी आमच्या ओटीवर झाली. गुरुजींनी पंचांग उघडून दोन मुहूर्त सांगितले, बारा तारीख आणि एकोणीस तारीख. मुलाच्या वडलांना बारा सोयीची होती. काका म्हणाले, "बारा नको. माझं स्टेटमेंट सोळाला निघतं."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "कसलं?"

"बिल. सोळाच्या आत खर्च झाला तर लगेच भरायला लागतो. नंतर झाला तर पुढच्या महिन्यात जातो, वर मुदतीचे दिवस मिळतात. तेवढे दिवस पैसे पतपेढीत व्याजावर राहतील."

मुलाचे वडील शेतकरी माणूस, त्यांनी आपल्या बायकोकडे पाहिलं, बायकोनं भिंतीकडे. मी दाराआड उभी होते, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलगी आत पोहे घेऊन उभी होती, तिनं ट्रे खाली ठेवला. शेवटी व्याही म्हणाले, "एकोणीसला आमचं काय न्हाय म्हननं न्हाय. गुरुजी, शुभ हाय ना? मग झालं." बँकेच्या तारखेवर लागलेलं लग्न मी आयुष्यात तेवढंच पाहिलं.

आमच्या आळीत एक रीत होती. ज्या कोळणीची पाटी रोज घरात उतरते, हळदीच्या जेवणाची मासळी तिनंच आणायची. पैसे लग्नानंतर, पूजा झाल्यावर. तोवर ती मागत नाही आणि घर विचारत नाही. काकांनी ती रीत मोडली. हळदीची सगळी मासळी हायवेवरच्या त्याच दुकानाकडून मागवली, गाडीनं घरपोच. मंडप, साड्या, आचारी, हॉल यांत तीन कार्डांची खर्चाची मर्यादा संपलेली होती. लाल कार्डावर लग्नाचा किराणा तेवढा घ्यायचा आणि बाकी ते मासळीसाठी राखायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. काकू एका संध्याकाळी हळदीकुंकवाची कुयरी घेऊन एकट्याच कोळीवाड्यात जाऊन आल्या. बायला बोलावणं करून आल्या, हे मला त्यांच्या चपलांच्या वाळूवरून कळलं.

हळद रविवारी होती. मंडप भरला, माणगावहून नवऱ्याची उष्टी हळद घेऊन माणसं आली, मागच्या अंगणात वाटण तयार होतं, भाकऱ्यांची चळत लागली होती. काकांचा फोन सारखा वाजत होता. ते नंबर बघत आणि बंद करत. व्याह्यांच्या भावाला त्यांनी तो मुद्दाम दाखवला. "बघा, पुन्हा तोच. अनोळखी नंबर कधी उचलायचा नाही. हे सगळे फसवणारे. तुमच्याकडे शेतावर पण येतात ना असले फोन?" तो बिचारा कौतुकानं ऐकत होता.

मग मासळीची गाडी आली. ड्रायव्हर म्हणाला, पैसे भरल्याशिवाय पेट्या उतरवता येत नाहीत. काकांनी चष्म्याची डबी उघडली, लाल कार्ड काढलं, मशीनला लावलं. होईना. पुन्हा लावलं. होईना. पदर सावरत मुलीची मावशी बघायला आली, तिच्यामागं दोन पोरं. काकांनी कार्ड सदऱ्याला पुसून पुन्हा लावलं. मशीननं तसाच आवाज केला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एरवी साखर आणि साबण घेणाऱ्या कार्डावर एकाएकी लग्नाचा मोठा किराणा आलेला. बँकेला शंका आली होती. खर्च तुम्हीच करताय ना, एवढंच विचारायला ती दुपारपासून फोन करत होती. उत्तर मिळालं नाही, तेव्हा तिनं कार्ड बंद केलं. मी काकांना हे सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, बोलले नसते तर बरं झालं असतं.

पैसे नव्हते असं नाही. व्याजासाठी सगळे पतपेढीत ठेवलेले, तिथून फोनवरून देता येत नव्हते, आणि पतपेढी रविवारी बंद. घरात रोख नव्हती, कारण काका रोख ठेवतच नसत. मी म्हटलं, "आळीतून गोळा करू, मी माझ्याकडचे घालते." ते म्हणाले, "थांबा, दोन मिनिटांत चालू होतं." बँकेचा नंबर लावून उभे राहिले. तिकडून गाणं वाजत होतं. ड्रायव्हरला पुढं मुरूडला माल द्यायचा होता. त्यानं आणखी थोडी वाट पाहिली, दार लावलं आणि गाडी वळवली. काका फोन कानाला लावून गाडीमागं फाटकापर्यंत गेले. आचारी मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "तेल तापलंय. काय टाकू?"

हळदीला आलेल्या व्याह्यांना नुसती भाकरी वाढायची वेळ आली होती. मुलगी पाटावर बसलेली, गालाला हळद, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते हळदीतून पिवळं होऊन खाली येत होतं. तो चेहरा मी विसरणार नाही.

त्याच वेळी बाय आली. पाटी नव्हती. केसांत अबोली, अंगावर ठेवणीतलं लुगडं, पाहुणीसारखी आली. फाटकात तिच्या समोर काकाच उभे होते.

"बाय," ते म्हणाले. त्यांच्या फोनमधून अजून गाणं वाजत होतं.

"गाडी गेली?"

"गेली."

"पाकिटाची होती ना?"

काकांनी मान हलवली. बायनं मंडपाकडे पाहिलं, पाटावरच्या मुलीकडे पाहिलं, मग कमरेचा फोन काढून मुलाला लावला. दुपारी लागलेल्या बोटींची मासळी पहाटेच्या लिलावासाठी बर्फात ठेवलेली होती. ती कुणाकुणाच्या पेट्या उघडायच्या ते त्याला सांगत होती, मोठ्या आवाजात, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं. फोन बंद करून काकांना म्हणाली, "मासली येल. भाव मी सांगन तो. पैसं रोख, पूजा झाल्यावर, रीत हाय तशी." मग जरा थांबली. "आनि सायब, वर काय मागायचं न्हाय."

"नाही मागणार," काका म्हणाले.

मासळी टेम्पोतून आली, पेट्यांतून पाणी गळत होतं. कोळीवाड्यातल्या बायका विळ्या घेऊनच आल्या. माणगावची माणसं जेवून ढेकर देत उठली, त्यातल्या कुणाला काही कळलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. काकूंनी बायला मुलीच्या शेजारी बसवलं आणि तिचा हात पंगत उठेपर्यंत सोडला नाही.

यानंतर काकांनी कार्डं टाकून दिली असं कुणी समजू नये. दुसऱ्याच दिवशी बँकेला फोन करून त्यांनी लाल कार्ड चालू करून घेतलं. पूजेनंतर पतपेढीतून पैसे काढून बायला पूर्ण दिले, तिनं थुंकी लावून मोजून घेतले. ती पुन्हा यायला लागली, पायरी पुन्हा भरली. काकूंच्या ताटात मूठ पडायला लागली. पण काकू मुलीकडे गेल्या की ताट घेऊन काका जात, आणि तेव्हा बाय मासळी तंतोतंत द्यायची. घेतलेल्यापेक्षा एक कोलंबी जास्त नाही. मग एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. काकू घरात असतानाही काका सकाळी स्वतःच ताट घेऊन बाहेर येऊ लागले. रोख पैसे देत. आणि व्यवहार झाल्यावर ताट जरा पुढं धरून तसेच थांबत.

एकदा धीर करून म्हणाले, "बाय, वर?"

ती पाटीवर झाकण ठेवत म्हणाली, "त्याला टक्का न्हाय, सायब."

माझी बदली झाली, मी तिथून निघाले. गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी अलिबागला गेले तेव्हा त्यांच्याकडेच उतरले. बाय आदल्या पावसाळ्यात गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं होतं. सांगताना मध्येच फोन ठेवून दिला होता. सकाळी अंगणात स्कूटर थांबली. बायची सून. मागं बर्फाची पेटी, हँडलला अडकवलेलं कार्डाचं मशीन. मी खिडकीतून वाकून काकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी मासळी त्यांच्या दारात कार्डावर आली होती. आता हा माणूस नाचेल, असं मला वाटलं.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून नोटा काढल्या.

"मशीन हाय ना काका, कारड चालतं," सून म्हणाली.

"नको. रोखच घे."

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी धावत खाली आले. त्यांनी सुरमई घेतली, पैसे दिले, आणि ताट पुढं धरून उभे राहिले. सून पेटी बंद करायला लागली. काका घसा खाकरून, हळूच, नातवंडानं मागावं तसं म्हणाले, "तुझी सासू वर टाकायची."

मी काकूंकडे पाहिलं. त्या पायरीवर बसल्या होत्या, वर पाहत नव्हत्या.

सून काकूंकडे बोट करत म्हणाली, "टाकायची ना. वयनीला." ती ओशाळली, पण बोलली. "मना हे घर देताना सांगितलंन तिनं. त्या घरात वयनीला वर टाकायची, सायबाला न्हाय. आता ती न्हाय, मंग मी कशी मोडू, सांगा तुमी."

काकांनी मान हलवली. उरलेले सुटे पैसे घेतले आणि आत गेले. मग काकू उठल्या, एक वाटी घेऊन आल्या. सुनेनं त्यात मूठभर मांदेली टाकली.

दुपारी काकूंनी ती मांदेली कुरकुरीत तळली आणि सगळी माझ्या ताटात वाढली. एकेकाळी नाक दाबून खिडकी लावणारी मी. एकटीनं खाणं मला बरं वाटेना. मी दोन उचलून काकांच्या ताटाकडे हात नेला.

"राहू दे गो," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "बायनं सांगितलंय."

"बरोबर आहे," काका म्हणाले आणि त्यांनी ताट स्वतःकडे जरा ओढून घेतलं. विकत घेतलेली सुरमई ते निगुतीनं, एकेक काटा बाजूला ठेवत खात राहिले, आणि मला कळणार नाही अशा बेतानं मधूनमधून माझ्या ताटाकडे बघत राहिले.